विजूने न दाखवलेलं

विजू गेल्याचा निरोप मोबाइलवर आला, आणि मी तो खरा मानला नाही. कॉलेजच्या आमच्या ग्रुपवर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, खाली तिचं नाव, आणि त्याखाली एकापाठोपाठ एक श्रद्धांजल्या. याच ग्रुपने मागे आमच्या एका सरांना जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली होती, आणि सर दुसऱ्याच दिवशी पालघरच्या बाजारात दुधी निवडताना दिसले होते. म्हणून मी काहीच लिहिलं नाही. आधी शिरगावला तिच्या भावाला फोन लावला, त्याने उचलला नाही. मग तिच्या शेजारच्या वाडीतल्या ओळखीच्या बाईंना लावला. त्या म्हणाल्या, "होय गो, सकाळीच गेली. आता नेतील." तरी मी तिसरा फोन लावला, तिच्या भावजयीला, नंदावहिनींना. फोनमधून नुसतं त्यांचं रडणं ऐकू आलं... मग मी दुकानाचं शटर ओढलं. शिरगावच्या रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की तिच्या मरणाची बातमीही मी तिच्याच पद्धतीने तपासून घेतली होती. "एका तोंडची बातमी म्हणजे बातमी नव्हे शोभे, ती नुसती वाफ," असं तीच म्हणायची.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. बोईसर-पालघरच्या ज्या घरांत केबल होती, त्यांना विजू आठवत असेल. रोज संध्याकाळी साडेसातला स्थानिक चॅनलवर बातम्या वाचणारी, कॉलरचा ब्लाउज घालणारी, बोलताना डावी भुवई किंचित वर नेणारी बाई. ती भुवई पाहून लोक म्हणत, हिचा स्वतःचाच बातमीवर विश्वास नाही. ते खरंच होतं. विजूचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे, आणि तिच्या सहवासात राहून माझाही बसेनासा झाला.

आम्ही पालघरच्या कॉलेजात एका वर्गात होतो. ती शिरगावची. वडिलांची पानवेलीची वाडी, घरात चार भावंडं. मी बोईसरची, कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. कॉलेज संपल्यावर मी झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं, आणि ती एका व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे लग्नाच्या कॅसेटींचं एडिटिंग करायला लागली. त्या काळात बाई मशीनवर बसलेली बघायला लोक मुद्दाम दुकानात डोकावत. ती सांगायची, "जेवताना रुसलेला मामा कापायचा, वरमायचं हसू ठेवायचं. हुंड्यावरून चाललेली कुजबुज कापायची, सनईवाला ठेवायचा. माझ्या हातून गेलेलं प्रत्येक लग्न सुखाचं हाय बघ." मी हसायचे. पुढे केबलच्या मालकांनी, शेठनी, स्थानिक बातम्या सुरू करायच्या ठरवल्या, तेव्हा त्यांना असंच माणूस हवं होतं, लिहिणारं, वाचणारं आणि कापणारंही. बातम्या टाइप व्हायच्या माझ्या दुकानात. कागद हातात घेऊन ती तिथेच मोठ्याने वाचून बघायची, तोंडात बसलेलं 'हाय' आणि 'नाय' एकेक करून काढून टाकायची, आणि मग स्कूटीवरून ऑफिसला जायची. ऑफिस म्हणजे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची खोली. खोलीत एक टेबल, मागे निळा पडदा, आणि खिडकीतून येणारा एमआयडीसीचा आंबूस वास.

माझ्या लग्नानंतरही ती आठवड्यातून दोनदा आमच्याकडे जेवायला असे. माझे सासरे, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि निवडणुका लागल्या की संध्याकाळपासून टीव्हीसमोरून हलत नसत. त्यांचं एक ठरलेलं चॅनल होतं. पंचांगावर ठेवावा तसा त्यांचा त्यावर विश्वास होता. एकदा लोकसभेच्या प्रचारात विजूने त्यांच्या हातातून रिमोट घेतला. "अप्पा, पाच मिनिटं आवाज बंद करून बघू या का?" अप्पांना तिचं कौतुक होतं, म्हणून चालवून घेतलं. आवाज बंद झाला आणि ती जमिनीवर बसून दाखवू लागली, "आता हा पुढारी बघा. खालून घेतलाय. मागे आभाळ, माणूस डोंगराएवढा. आता हा दुसरा. ह्याला वरून घेतलाय, टक्कल दिसतंय, आणि मागे रिकाम्या खुर्च्या. सभा दोघांची भरली असेल, नाय तर दोघांचीही रिकामी असेल. आपल्याला काय कळणार?"

अप्पा वैतागले. "म्हणजे सगळं खोटं दाखवतात म्हणायचं?"

"खोटं नाय अप्पा. खरंच दाखवतात. कुठलं खरं दाखवायचं, तेवढं ते ठरवतात."

मग तिने दुसऱ्या बाजूचं म्हणून जे चॅनल अप्पांना मुळीच सहन होत नसे, ते लावलं. तिथे पहिला पुढारी घाम पुसत होता आणि दुसऱ्याच्या मागे आभाळ होतं. अप्पा काही दिवस आवाज बंद ठेवून बातम्या बघत, आणि 'जेवणात मीठ नाही' म्हटल्यासारखी तक्रार करत. मला मात्र तो नाद लागला तो लागलाच. कोणाला किती वेळ दिला, कोणाचं बोलणं मध्येच तोडलं, प्रश्न विचारताना निवेदक कोणाकडे बघून हसला... 'सूत्रांच्या माहितीनुसार' असं आलं की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "सूत्र म्हणजे कोण?" आणि विजू बाहेरून म्हणायची, "स्टेशनवरचा चहावाला पण सूत्रच गो!" आम्ही दोघी हसायचो. हेच शिक्षण पुढे मी तिच्यावरच वापरेन, असं तेव्हा दोघींपैकी कोणालाच वाटलं नव्हतं.

माझे पती, अनंत, कारखान्यात बॉयलरवर होते. आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींना पिवळं पाणी येतं म्हणून त्यांनी बरीच वर्षं अर्ज-विनंत्या केल्या होत्या, मोर्चे काढले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी पंचायत समितीची निवडणूक लागली तेव्हा लोकांनी गळ घातली आणि ते अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. अर्ज भरला त्या संध्याकाळी विजू घरी आली, उंबऱ्यातच उभी राहिली. "भावजी, आजपासून निकाल लागेपर्यंत मी तुमच्याकडे जेवायला येणार नाय. उद्या कोणी म्हणायला नको." अनंत म्हणाले, "चहाला तरी?" ती म्हणाली, "चहाला पण नाय." तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता... आठ दिवसांनी मात्र त्याच वाक्याचा वेगळा वास येऊ लागला. कारण कळलं, की शेठचा सख्खा मेहुणा समोरच्या उमेदवाराचा प्रचार सांभाळतोय. हिला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं, म्हणूनच तर आधी अंतर ठेवलं नसेल?

मी पाळत ठेवू लागले, दुसरा शब्द नाही. साडेसातला वही-पेन्सिल नाही, पण भिंतीवरचं घड्याळ समोर ठेवून बसायचे. सुरुवातीचे दिवस सरळ गेले. यांना जेवढा वेळ, त्यांना तेवढाच. मतदानाला आठवडा राहिला असताना बेटेगावच्या बाजूच्या एका पाड्यावर अनंतची सभा होती. मी दुकानात पत्रकं छापत होते, त्यामुळे गेले नाही. कॅमेरामन रजेवर होता, म्हणून विजू स्वतःच छोटा कॅमेरा घेऊन स्कूटीवरून गेल्याचं मला एका कार्यकर्त्याने सांगितलं. मला आनंद झाला. विजू स्वतः गेली म्हणजे नीट येणार. अनंत उन्हातून घरी आले, तांब्याभर पाणी प्यायले, "बरी झाली सभा" एवढंच म्हणाले आणि आडवे झाले.

साडेसातच्या बातम्यांत आधी समोरच्या उमेदवाराची मुलाखत लागली. ती संपेचना. त्यांच्या अंगणातली तुळस, त्यांच्या आईचा आशीर्वाद, मागे बासरी... मग अनंत. झाडाखाली उभे आहेत, हात हलवताहेत, ओठ हलताहेत, आवाज नाही. वरून विजूचा आवाज, 'अपक्ष उमेदवारांनी आज पाड्यावरील ग्रामस्थांची भेट घेतली.' पुढची बातमी. घड्याळाकडे बघितलं, चौदा सेकंद.

मी तिथेच उठून फोन लावला.

"विजू, हे काय होतं?"

ती म्हणाली, "जेवढं दाखवण्यासारखं होतं तेवढं दाखवलं."

"म्हणजे आम्ही दाखवण्यासारखेसुद्धा नाही? आणि त्यांची तुळस दाखवण्यासारखी?"

"शोभे, आत्ता नको विचारू."

"कितीला विकली गेलीस ते तरी सांग."

फोनवर पंख्याचा आवाज येत राहिला. "तुला तसं वाटत असेल तर तसं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिच्या ऑफिसच्या जिन्याखाली कोणीतरी ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत 'दलाल' असं लिहिलं. लिहिणारे आमचेच होते. कोण ते मला माहीत होतं, कारण पेंटचा डबा आमच्या प्रचाराच्या सामानातला होता. मी त्या रस्त्याने दोनदा गेले आणि दोन्ही वेळा भिंतीकडे बघून पुढे गेले. पुसून टाका, असं म्हणायला मला एक शब्द पुरला असता. नंतर कळलं, तिनेच रॉकेलचं फडकं घेऊन घासलं. अक्षरं गेली, पण चॉकलेटी डाग बरीच वर्षं राहिला.

अनंत थोडक्यात हरले. आमच्या घरात त्या पराभवाला एकच कारण होतं आणि त्या कारणाला नाव होतं. पाहुणे आले की मी ती चौदा सेकंदं सांगायचे. सांगून सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली की मलाच ती ऐकायला बरी वाटे. अनंत अशा वेळी उठून गॅलरीत जात. मला वाटे, हरल्याचं दुःख आहे. विजू बाजारात दिसायची. ती थांबायची, आणि मी भाजीवालीशी भावावरून घासाघीस करू लागायचे. अप्पा गेले तेव्हा ती आली होती. दाराजवळ बसली, आणि मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग केबल कमी होत गेली. लोक मोबाइलवर बातम्या बघू लागले, साडेसातचं बातमीपत्र अर्ध्यावर आलं, आणि एक दिवस तिच्या जागी दुसरीच मुलगी दिसली. मला वाटलं, काढून टाकलं असेल. तेव्हाही मनात आलं, काम झाल्यावर असंच करतात...

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नंदावहिनींचा फोन आला. "शोभाताई, ती तुमची आठवण काढते. तिने बोलवलंय असं नाय हां, मीच सांगतेय. डॉक्टरांनी हात टेकलेत." मी दोन दिवस विचार केला. मेल्यावर जाण्यापेक्षा जिवंतपणी जावं, एवढाच तो विचार होता, त्यात माया किती होती ते मला आज सांगता येणार नाही.

शिरगावला ती घराच्या ओट्यावर उशीला टेकून बसली होती. समोर पानवेलीच्या ओळी, पाटाला पाणी सोडलेलं. केस गेले होते, भुवया विरळ झाल्या होत्या, पण डावी अजून वर जात होती. मी शहाळं नेलं होतं. ती म्हणाली, "नारळाच्या वाडीत शहाळं घेऊन आलीस? बोईसरला राहून बुद्धी गेली तुझी." दोघी हसलो, आणि हसताना मला कळेना कुठे बघावं. इकडचं तिकडचं झालं. मग तीच म्हणाली, "ती चौदा सेकंदं अजून मोजतेस का गो?"

मी म्हटलं, "तो विषय नको."

"हवा," ती म्हणाली. "मी गेल्यावर तू आणखी वीस वर्षं मोजशील."

आणि तिने सांगितलं. पाड्यावर अनंतचं भाषण चाललं होतं. पिवळ्या पाण्याचं, विहिरींचं. तेवढ्यात सोमीबाय नावाची एक म्हातारी पुढे आली. हातात लोटा. म्हणाली, "आमच्या हिरीचं पाणी तुमी भाषणात घेऊन फिरता. कधी पिऊन बघितलाव?" आणि लोटा त्यांच्यापुढे धरला. लोक हसले. अनंतनी लोटा घेतला नाही. ते चिडून म्हणाले, "तुम्ही लोक एका बाटलीवर कुठलंही बटण दाबता आणि वर पाणी आमच्याकडे मागता! प्या मग हेच पिवळं." कॅमेरा चालू होता.

"ते दाखवलं असतं," विजू म्हणाली, "तर एकेका पाड्यावर दुसऱ्या दिवशी वाजलं असतं. भावजींची अनामत पण राहिली नसती. आणि त्यातलं चांगलंचुंगलं तेवढं ठेवून दाखवावं, तर ते माझ्याच्यान होईना. म्हणून आवाजच काढला. समोरच्याची मुलाखत लांबवली ती शेठनी. ते पण खरं हाय. मी नाय म्हणत नाय. पण तुमचं कापलं ते मी, माझ्या हाताने. तू मला पक्षपाती म्हणालीस ना? बरोबर होतं तुझं. फक्त मी कोणत्या पक्षाची, ते तू चुकलीस."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस?"

वहिनींनी चहा आणला, तो गार होईपर्यंत आम्ही पाटातल्या पाण्याकडे बघत बसलो. निघताना तिने माझा हात धरला. म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाय. तपासून घे." त्यानंतर अठरा दिवसांनी ती गेली.

माणूस जाताना खरं बोलतो असं म्हणतात. विजूचा त्यावरही विश्वास नव्हता. "जाताना माणूस आवरतो," असं ती म्हणायची. म्हणजे हीसुद्धा आवरत होती का? भिंतीवरच्या त्या शब्दाचा हिशोब माझ्या घरात वसूल करत होती का? की खरंच... तिच्या बाराव्याहून आल्यावर मी अनंतना विचारलं. म्हातारीचं, लोट्याचं काहीच बोलले नाही. फक्त ते बाटलीचं आणि बटणाचं वाक्य सांगितलं, आणि म्हटलं, "तुम्ही असं बोलला होता असं विजू म्हणत होती."

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. "मी? असं कसं बोलेन? आयुष्य गेलं माझं त्या लोकांसाठी." मग थोड्या वेळाने, "आजारात माणूस काहीही बोलतो."

मी केबलच्या ऑफिसात गेले. तिच्या जागी आलेली मुलगी भली होती, तिने कपाट उघडून दाखवलं. जुन्या हार्ड डिस्क पुसून पुन्हा वापरल्या होत्या. त्या दिवशी अनंतसोबत असलेल्या दोघा कार्यकर्त्यांपैकी एक वापीला स्थायिक झाला आहे. तो फोनवर म्हणाला, "काकू, एवढं जुनं कोणाला आठवतंय?" दुसरा आता समोरच्यांच्या बाजूला आहे. तो हसून म्हणाला, "बोलले असतील की!" त्याचं ते हसू मी पुरावा म्हणून धरू शकत नव्हते. मग एकच तोंड उरलं होतं.

एका सकाळी दुकान बंद ठेवून मी रिक्षाने बेटेगावच्या पुढे गेले. घरी फक्त 'जरा जाऊन येते' म्हटलं. रिक्षावाला उत्तरेकडचा होता, मला आरशातून न्याहाळत म्हणाला, "मॅडम, सर्वेवाली हो क्या? फिर से चुनाव आ रहा है क्या?" म्हणजे बाहेरचं माणूस त्या वाटेला कधी जातं, ते त्यालाही पाठ होतं.

सोमीबाय जिवंत होती. कुडाच्या घरासमोर बसून सुकवलेले बोंबील निवडत होती. डोळ्याने अधू झालेली, पण आवाज खणखणीत. मुलगा-सून वीटभट्टीवर गेलेले. मी कोण ते सांगितलं नाही. निवडणुकीच्या वेळची सभा, लोटा, शिलाई मशीनवाला उमेदवार... ती ऐकत होती आणि हात चालू होते. शेवटी म्हणाली, "बोलला असंल. येतात ते समदेच कायतरी बोलतात. कोण गोड बोलतो, कोण कडू बोलतो. आमी कोणाकोणाचं ध्यानात ठेवू?"

मी उठायला लागले, तर ती म्हणाली, "ती बाई मातर ध्यानात हाय. स्कूटीवाली. ती मागून परत आली होती."

"परत? कधी?"

"मतं पडून गेल्यावर. एकलीच आली. हितंच बसली, तू बसलीस तशी. म्हणाली, आजे, तू बोललीस ते मी टीव्हीत दाखवाय पायजे होतं, मी नाय दाखवलं, चुकले. मी म्हटलं, बाय, आमचं कोण कधी दाखवतो? त्यात काय चुकायचं?" सोमीबाय हसली. "तरी रडली ती. खुळी होती."

म्हणजे माझ्यासमोर विजू एकदाही 'चुकले' म्हणाली नव्हती. तिने ते जिथे म्हणायचं तिथे, तेव्हाच येऊन म्हटलं होतं. मी इतकी वर्षं ओरडत होते, की आमच्यावर अन्याय झाला. अन्याय झाला होता तो या पाड्यावर, आणि त्याचा फायदा झाला होता आम्हाला. तरी आम्ही हरलो ते वेगळं. हे कळल्यावर विजूवरचा माझा राग गेला असं म्हणावं, तर तसंही नाही. तिला कोणी सांगितलं होतं आम्हाला वाचवायला? या लोकांनी मत देण्याआधी ते वाक्य ऐकायला हवं होतं की नको होतं, हे ठरवणारी ती कोण? अप्पांच्या चॅनलवाल्यांना ती जे विचारायची, तेच मला तिला विचारायचं होतं. विचारायला ती राहिली नाही.

सोमीबायने आत जाऊन लोटाभर पाणी आणलं. पाणी पिवळसरच होतं. मी दोन घोट घेतले. गंजाची चव जिभेवर बराच वेळ राहिली.

दुपारी घरी पोचले तेव्हा अनंत जेवायचे थांबले होते. मी हातपाय धुतले, ताटं घेतली. ते म्हणाले, "कुठे गेली होतीस?"

"बेटेगावच्या बाजूला."

ते भात कालवत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "म्हातारीने तुलाही पाणी दिलं?"

माझ्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. म्हातारीचं नाव मी काढलं नव्हतं. पाण्याचंही नाही. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांचा हात थांबला. आम्ही दोघांनी जेवण पूर्ण केलं. ताट ते स्वतः उचलून मोरीत घेऊन गेले, जे ते एरवी करत नाहीत.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो त्यांना वाचायला दिला. छापू नको म्हणाले असते तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, काही पानं दोनदा. मग म्हणाले, "एक शब्द बदल. 'चिडून म्हणाले' असं लिहिलंयस. चिडलो नव्हतो मी. थकलो होतो. सकाळपासून सातवी सभा होती ती. 'थकून म्हणाले' असं लिही."

ते खरं असेल. त्या दिवशी ऊन फार होतं, आणि घरी आल्यावर ते तांब्याभर पाणी प्यायले होते, ते मी पाहिलेलं आहे. मला त्यांच्याबरोबर याच घरात राहायचं आहे. एका शब्दाने कोणाचं काय जातं? मी कागद पुढे घेऊन बसले. विजू एडिटिंगच्या मशीनवर बसायची तेव्हा तिची एक सवय होती. कापायच्या जागी आली की उजव्या हाताचं बोट बटणावर टेकवायची, दाबायची नाही, आणि डाव्या हाताने खालचा ओठ चिमटीत धरून बसून राहायची. मी चहा घेऊन मागे उभी असले तरी तिला कळायचं नाही. कधी कधी चहावर साय धरायची... परवा पेन घेऊन बसल्यावर माझ्या लक्षात आलं, माझाही ओठ चिमटीत आहे.

शब्द मी 'चिडून' असाच ठेवला आहे. ते थकले होते असं म्हणतात, तेही इथे लिहिलं आहे.